सोमारीचं नाही

अहेरीहून निघालेली बस मोठ्या सडकेवर सोडून देते. तिथून साडेचार किलोमीटर जंगलातून चालत गेलं की हिरगेटोला लागतो. बासष्ट घरं, एक नाला, मागे मेट्टा. मेट्टा म्हणजे डोंगरी, आणि डोंगरीवर गावाच्या पेनाचं, म्हणजे देवाचं ठाणं. या गावात सोमारी पोचू आलाम या बाईला कधी कुठलं पद नव्हतं. ती पंच नव्हती, सरपंच नव्हती, बचत गटाची अध्यक्षसुद्धा नव्हती. तरी पंचवीस वर्षं तिच्याशिवाय गावाचा एकही ठराव पुरा झाला नाही.

गावाची सभा गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, अंगणात बसायची. रीत अशी की सगळ्यांना पटेल तेच ठरायचं. एकालाही पटलं नाही तर सगळ्यांनी उठायचं, आपापल्या कामाला लागायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा बसायचं. मधल्या आठ दिवसांत त्या न पटलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं म्हणणं ऐकून यायचं काम सोमारीचं.

हे काम तिच्याकडे आलं त्याला एक कारण झालं होतं. तेव्हा ती पंचविशीची होती, अतुल कडेवर होता. नाल्याच्या वरच्या अंगाचं जंगल तोडून तिथं नवी धानाची बांधी पाडायची असं गावानं ठरवत आणलं होतं. प्रत्येक घराला तुकडा मिळणार होता, त्यामुळे नाही म्हणायला कोणाचीच जीभ रेटेना. सोमारी बायकांच्या घोळक्यातून उठली आणि म्हणाली, मला पटत नाही. का, ते तिला सांगता येईना. अडखळत एवढंच बोलली की वरचं जंगल गेलं तर खालचा झरा जाईल. माणसं हसली. पण रीत ती रीत, सभा उठली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गावचा भुमिया, म्हणजे पेनाची पूजा करणारा म्हातारा, सभेच्या आदल्या दिवशी एकटा तिच्या दारात आला आणि म्हणाला, चल, दाखव. चैताचं ऊन होतं. दोघं झऱ्यापर्यंत गेली. म्हातारा पाण्यात पाय सोडून बराच वेळ वर पाहत बसला. दुसऱ्या दिवशी सभेत त्यानं सांगितलं की पोरगी बरोबर आहे. जंगल तुटलं नाही. त्या उन्हाळ्यात आसपासच्या तीन गावांच्या बायका हिरगेटोल्याच्या झऱ्यावर पाण्याला आल्या.

मग म्हातारा तिला म्हणाला, "तुले एकटीले नाई म्हनता आलं. आता दुसऱ्याचं नाई ऐकाले तूच जात जाजो."

आणि ती जात राहिली. जाताना हातात काहीतरी काम असायचं, चिंच सोलायची, टोपलीच्या कडा वळायच्या. ओट्यावर बसायची आणि लगेच काही विचारायची नाही. एकदा पावसाच्या तोंडी दोन महिने नाल्यात मासे धरायचे नाहीत असं ठरत होतं आणि लच्चू नावाचा एक माणूस काही केल्या ऐकेना. सोमारी तीन दुपारी त्याच्या ओट्यावर बसली. तिसऱ्या दुपारी कळलं की त्याच्या आंधळ्या आईला दुसरं काही गिळतच नाही, मासळीच्या पातळ आंबटावर ती जगते. सभेनं ठरवलं, लच्चूनं एका गरीवर, म्हणजे गळावर, धरावे, बाकी कोणी नाही. लच्चू हो म्हणाला. एवढीशी गोष्ट, पण सोमारीला ती फार मोठी वाटायची. घरी आल्यावर नवऱ्याला, पोचूला, ती सगळं सांगायची. पोचू ढोल वाजवणारा माणूस, बोलणं कमी. ऐकून म्हणायचा, "झालं ना मंग." त्याचा एवढा शब्द तिला पुरायचा.

निवडणुका तेव्हाही यायच्या. जीप यायची, झाडांना झेंडे बांधून जायची. ज्याला जिथं वाटे तिथं तो बटण दाबून येई, आणि घरी कोणी कोणाला विचारत नसे. मत देणं हे पाहुण्यांचं काम होतं. पाहुणे गेले की गावाचं आपलं सुरू.

पाहुणे मुक्कामाला आले ते मेट्ट्यावरच्या दगडामुळे. गावाला जंगलाच्या हक्काचा कागद मिळाला होता, आणि तिकडे नव्या मोठ्या रस्त्यासाठी गिट्टीची खदान हवी होती. मेट्ट्याचा दगड काळा, चांगला. पण कायद्यानं ग्रामसभेचा ठराव पाहिजे, आणि हिरगेटोल्याची ग्रामसभा म्हणजे एकानं मान हलवली नाही तर उठून जाणारी. साहेबलोक दोनदा येऊन हात हलवत गेले. तिसऱ्यांदा ते सभेला आलेच नाहीत. ते पोरांना भेटले.

अतुल सोमारीचा एकुलता एक. धनराज तिच्या धाकट्या दिराचा, रामाजीचा मुलगा. दोघांत सहा महिन्यांचं अंतर. अहेरीच्या वसतिगृहात एका खोलीत राहून बारावी झालेले. पोलीस भरतीसाठी दोघं पहाटे सडकेवर बरोबर धावायचे, आणि दोनदा बरोबरच परत आलेले. घरी बसलेल्या अशा पोरांना कोणी नावानं हाक मारली, खुर्ची दिली, गाडीत पुढं बसवलं की काय होतं ते सोमारीला कळत होतं. तिनं त्यांना दोष दिला नाही. आधी छत्रीवाल्या पक्षाचे साहेब आले, त्यांनी अतुलला बूथप्रमुख केलं. दोन महिन्यांनी शिडीवाल्या पक्षाचे साहेब आले, त्यांनी धनराजला केलं. दोघांना गमछे मिळाले, मोबाईलवर ग्रुप मिळाले, आणि गावात कधी नव्हता असा एक शब्द मिळाला, विरोधक. सोमारीनं तो पहिल्यांदा आपल्याच घरात ऐकला. अतुल फोनवर कोणाला तरी सांगत होता, "विरोधकाचे अठ्ठावीस घरं आहेत, आपले चौतीस."

"कोन विरोधक?" तिनं विचारलं.

"धनराजचे लोक, माय."

"धनराज कालच इथी जेवून गेला."

अतुल हसला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत धनराजचं जेवायला येणं बंद झालं होतं.

गाव एकदम नाही फाटलं. शिडीच्या साहेबांनी नाल्याकडच्या टोकाला हातपंप दिला, छत्रीच्या साहेबांनी सडकेकडच्या टोकाला सभामंडप दिला. मग नाल्याकडचे मंडपात बसेनात आणि सडकेकडच्या बायका पंप सोडून लांब विहिरीवर जायला लागल्या. घरकुलाची यादी आली, ती कोणाच्या हातानं आली त्यावरून कोणाचं नाव गळलं ते ठरलं. त्यात पुन्हा धर्माची भर पडली. छत्रीवाले सांगायचे, आपला धर्म जंगलाचा, वेगळा, शिडीवाले तो बुडवायला निघालेत. शिडीवाले सांगायचे, आपण सगळे एकाच मोठ्या धर्माचे, छत्रीवाले आपल्याला तोडताहेत. दोन्हीकडून फलक लागले, दोन्ही फलकांवर मोठे चेहरे साहेबांचे आणि खाली कोपऱ्यात बारीक चेहरे अतुल-धनराजचे. त्या वर्षी पेनाची जत्रा दोनदा झाली. पोचूला दोन्हीकडून ढोल वाजवायला बोलावलं. तो कुठंच गेला नाही. ढोल खुंटीला टांगून शेतावर जाऊन बसला.

सभेची बसणीही बदलली. पूर्वी माणसं बसून ठरवायची, आता ठरवून बसायला लागली. एका बाजूला एक गमछा, दुसऱ्या बाजूला दुसरा. कोणी बोलायला उठलं की काय बोलणार ते आधीच ठाऊक असे.

तरी खदानीचा विषय निघाला तेव्हा सोमारी आपल्या रीतीनं कामाला लागली. शिडीवाल्यांना खदान हवी होती, छत्रीवाल्यांना नको होती, म्हणून ती आधी धनराजकडे गेली. चिंच घेऊन गेली होती. धनराजची बायको रंजीता पाणी घेऊन आली आणि तीही चिंच सोलायला बसली.

"मले सांग बाबू," सोमारी म्हणाली, "तुले काऊन पायजे खदान? डोंगरीवर पेन आहे. तुह्या बापाची गुरं तिथंच चरते."

"काम भेटंल पोरांले."

"भेटंल. किती जनाले? किती दिवस? तू विचारलं?"

धनराज फोनकडे पाहत राहिला. "मोठीमाय, आता हे माह्या हातात नाई. वरून निरोप आहे."

"वरून म्हणजे पेनाकडून?"

रंजीताला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. धनराज हसला नाही. उठून बाहेर गेला.

सोमारी घरी आली आणि तिनं अतुलला विचारलं. खदान नको हे त्याचं म्हणणं तिच्या मनासारखं होतं, पण तिला कारण ऐकायचं होतं. अतुल जल, जंगल, जमीन असं भाषणातलं बोलायला लागला. तिनं हात वर केला. "ते मंडपात बोलजो. तुले सोताले काऊन नोको ते सांग."

अतुलनं गमछा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "पक्षाची भूमिका आहे, माय."

त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. पंचवीस वर्षं ती माणसांचं नाही ऐकत आली होती. प्रत्येक नाहीच्या तळाशी काहीतरी असायचं, कोणाची आंधळी आई, कोणाचं जुनं भांडण, कधी नुसता हट्ट. पण ते त्याचं असायचं. या दोन पोरांच्या हो-नाहीत खाली हात घातला तर काहीच लागत नव्हतं.

पौषात सभा झाली. ग्रामसेवक संघपाल भला माणूस होता, पण त्याच्या मागे साहेबांचा तगादा होता. तो म्हणाला, या खेपेला हात वर करून घेऊ, नाहीतर हे कधी संपणारच नाही. हिरगेटोल्यात पहिल्यांदा हात मोजले गेले. खदान नको म्हणणारे एकाहत्तर, हवी म्हणणारे अठ्ठावन्न. सोमारीनं हात वर केलाच नाही. सडकेकडच्या पोरांनी गुलाल उधळला, गाणी लावली. मेट्टा वाचला होता. सोमारीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला समोर डोकी खाली घालून उठणारी अठ्ठावन्न माणसं दिसत होती. त्यात लच्चू होता, तिचा दीर रामाजी होता.

"हे बसनं झालं नाई," ती संघपालला म्हणाली. "आठ दिवसानं परत बसाले पायजे होतं."

"ठराव झाला बाई," तो म्हणाला. "आता कशाले बसता?"

उन्हाळ्यात पोचू गेला. ताप आला, अहेरीच्या दवाखान्यात चार दिवस होता, पाचव्या दिवशी गाडीतून घरी आला तो तसाच. हिरगेटोल्यात मयत झालं की बासष्ट घरांतून माणूस यायचं, प्रत्येकानं मूठभर तांदूळ आणायचे, ही रीत कधी मोडली नव्हती. त्या दिवशी चौतीस घरं आली. नाल्याकडून कोणी आलं नाही. तिकडच्या ग्रुपवर म्हणे निरोप फिरला होता की अतुलच्या दारात जो जाईल तो आपला नाही. रामाजी, पोचूचा सख्खा भाऊ, पळसाच्या झाडाशी उभा राहून लांबून पाहत होता. त्याचं पाऊल पुढं येईना. सोमारीनं त्याला पाहिलं. ती जाऊन त्याचा हात धरून आणणार होती, पण अतुल आडवा आला. "यायचं असंल तर येईल, माय. तू नोको जाऊ." प्रेत उचललं आणि सगळे निघाले. पुढे वळणावर तिनं मागं पाहिलं तेव्हा झाडाशी कोणी नव्हतं.

खरी गंमत झाली ती पावसाळ्यात. याला गंमतच म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही. छत्रीचे साहेब एका सकाळी शिडीवाल्यांत गेले. मोठा मंडप, मोठे हार, विकासासाठी आलो म्हणाले. ज्यांना कालपर्यंत ते जंगलचोर म्हणत होते त्यांच्या गळ्यात पडून त्यांनी फोटो काढला. त्यांना पद मिळालं. शिडीच्या जुन्या साहेबांचं पद त्यामुळे हुकलं. ते महिनाभर रुसले, आणि मग रिकाम्या झालेल्या छत्रीखाली जाऊन उभे राहिले. जंगल वाचवायला आलो म्हणाले.

हिरगेटोल्यात हे सगळं एका आठवड्यात पोचलं. सडकेकडच्या चौतीस घरांवरची छत्री निघाली आणि शिडी लागली. नाल्याकडच्या अठ्ठावीस घरांवरची शिडी निघाली आणि छत्री लागली. सोमारीला वाटलं, आता तरी ही पोरं एकमेकांकडे पाहून हसतील. कोणी हसलं नाही. वैर जागच्या जागी राहिलं, नुसतं कारण बदललं. आता अतुल म्हणत होता, खदान आली की पोरांना काम मिळेल. धनराज म्हणत होता, जल, जंगल, जमीन.

"तू पौषात नोको म्हनत होता," सोमारी अतुलला म्हणाली. तो आरशासमोर नवा गमछा नीट करत होता.

"तेव्हाची परिस्थिती येगळी होती."

"डोंगरी तीच आहे ना?"

"माय, तुले राजकारन नाई समजत."

"नाई समजत," ती म्हणाली. "म्हनूनच विचारून राह्यली. तुह्या बापाच्या मयतीत तुहा काका लांब उभा राह्यला. कशापायी? या दोघा साहेबांपायी. ते आता एकमेकाचे कपडे घालून फिरून राह्यले. तू जा ना रामाजीकडे. सांग त्याले, झालं ते चुकलं."

अतुलचा हात थांबला. क्षणभर तिला वाटलं, तो ऐकणार. मग फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

दिवाळीनंतर पुन्हा सभा लागली. तोच विषय, तोच संघपाल, तोच नमुना. पुन्हा हात मोजायचे. या वेळी सडकेकडचे खदान हवी म्हणून हात वर करणार होते आणि नाल्याकडचे नको म्हणून. हवी म्हणणाऱ्यांचे हात वर झाले तेव्हा सोमारी उठली. पंचवीस वर्षांपूर्वी उठली होती तशीच, पण या वेळी अडखळली नाही.

"मले पटत नाई," ती म्हणाली. "डोंगरी फोडली का खालचा झरा जाते. पयले तुमाले नोको होती, आता पायजे. तुमाले पयले पायजे होती, आता नोको. डोंगरीनं काय केलं मधात? कोनी एकानं मले सांगा, तुमच्या सोताच्या मनात काय आहे. मंग मी बसतो."

काही माणसं खाली जमिनीकडे पाहू लागली. तिला वाटलं, माणसं विचार करताहेत. आणि मग नाल्याकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, शिट्ट्यांसकट. अतुलची आई आपल्या बाजूनं बोलली. कोणीतरी फोन उंच धरून सगळं टिपलं होतं.

"टाळ्या नोका वाजवू," ती म्हणाली. "मी तुमची नाई." पण तिचा आवाज त्या टाळ्यांत कोणाला ऐकू गेला नाही.

हवी सत्तर, नको साठ. साठांत सोमारीचा हात मोजलेला होता. तिनं संघपालला सांगितलं, माझं नाही त्यांच्यात नका धरू, वेगळं लिहा, आणि का ते पण लिहा. संघपालनं कागद तिच्याकडे फिरवला. त्यावर दोनच रकाने होते. "यात तिसरी जागाच नाई, बाई," तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

दिवस मावळायच्या आत तिचा व्हिडिओ तालुक्यात फिरला. शेवटचं वाक्य कापलेलं होतं. खाली लिहिलं होतं, शिडीच्या बूथप्रमुखाच्या आईचा छत्रीला जाहीर पाठिंबा. अतुलला अहेरीहून फोन आला. तो घरी येऊन तिच्यासमोर उभा राहिला. ओरडला नाही. "लोकं मले विचारून राह्यले, घर सांभाळता येत नाई तर बूथ कसा सांभाळशीन," एवढंच म्हणाला आणि जेवण न करता झोपला. सोमारी चुलीजवळ बसून राहिली. आपल्या पोटच्या पोराला आपण दुखावलं, आणि ज्यासाठी दुखावलं ते तर आपलं राहिलंच नाही, हे तिला गिळवत नव्हतं.

तरी तिनं एक शेवटचं करून पाहिलं. ठरावावर हरकत घ्यायला महिनाभर होता. ती पुन्हा घरोघर गेली, सडकेकडे आणि नाल्याकडेही. हातात चिंच, तोंडात एकच प्रश्न, तुला काय पटतं? अकरा घरं झाली. अकराही घरांत तिला जवळजवळ एकच उत्तर मिळालं.

"तू कोनाकडून विचारून राह्यली?"

बारावं घर लच्चूचं, त्याच्या ओट्यावर ती जाऊन बसली. लच्चूची आई केव्हाच गेली होती, तो स्वतः म्हातारा झाला होता. त्यानंही तेच विचारलं. सोमारी म्हणाली, "मी माह्याकडून विचारतो, लच्चूभाऊ. पयले तुह्या मायसाठी आलो होतो तशीच." लच्चूनं इकडंतिकडं पाहिलं. म्हणाला, "तसं आता कोनी येत नाई." आणि तिला उठायला सांगावं लागू नये म्हणून स्वतःच उठून आत गेला. सोमारीनं चिंच पदरात बांधली. पुढच्या घरी ती गेली नाही.

खदान सुरू झाली. दुपारी दोन वाजता सुरुंग उडतो, घरांची कवेलू हलतात. काम मिळालं ते सडकेकडच्या सहा पोरांना, बाकीची माणसं बाहेरून आली. पेनाचं ठाणं खाली आणून बसवलं. त्या कार्यक्रमाला दोन्ही साहेब आले होते, एका मंचावर, एकाच थाळीतली सुपारी उचलत. खालच्या माणसांना मात्र दोन बाजूंना बसवलं होतं, मध्ये दोर बांधून.

एवढं होऊनही एक गोष्ट शाबूत होती. अतुलची बायको दिव्यानी आणि धनराजची बायको रंजीता या दोघींनी बोलणं सोडलं नव्हतं. गावात त्या एकमेकींकडे पाहत नसत, पण जंगलात लाकडाला, मोहाला बरोबर असत. सोमारीला ठाऊक होतं. दिव्यानी घरून निघताना एक भाकर जास्त बांधायची, सोमारी पाहून न पाहिल्यासारखं करायची. रंजीताला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा नाल्याकडच्या कोणाआधी ते सोमारीला कळलं होतं.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. शिडीवाल्यांचे लोक सोमारीकडे आले. गावात तुम्हाला मान आहे, म्हणाले, व्हिडिओचं सगळं विसरू. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी छत्रीवाले आले, त्यांनाही नाही म्हणाली. तिच्या नाहीला आता वजन नव्हतं, पण तेवढ्यापुरतं ते चाललं. चार दिवसांनी अतुलनं दिव्यानीचा अर्ज भरला. वर त्याला दाखवायचं होतं की घर त्याच्या हातात आहे. दुसऱ्याच दिवशी धनराजनं रंजीताचा भरला.

"तू हो म्हनलं?" सोमारीनं दिव्यानीला विचारलं.

"मले विचारलंच नाई, माय. सही घेतली."

सरपंचाच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, पण ते कोणाला खरं वाटलं नाही. महिनाभर दोघींचे चेहरे झाडाझाडावर होते. शेवटच्या आठवड्यात रंजीताच्या माहेरावरून काहीतरी घाणेरडं लिहिलेली चिठ्ठी सडकेकडच्या घरांत वाटली गेली. ज्या गोष्टी त्या चिठ्ठीत होत्या त्या रंजीतानं आयुष्यात एकाच माणसाला सांगितल्या होत्या. दिव्यानीनं घरी येऊन अतुलला विचारलं, मी तुला विश्वासानं सांगितलेलं तू लिहिलंस का? तो म्हणाला, पक्षाच्या लोकांनी लिहिलं. दिव्यानी नऊ मतांनी निवडून आली. गुलाल लावायला बायका आल्या तेव्हा ती मागच्या अंगणात भांडी घासत होती.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा सोमारी एकटीच टोपली घेऊन निघाली. दिव्यानीला पंचायतीत कसल्या तरी कागदांवर सह्या करायला नेलं होतं. नाल्यापलीकडच्या मोठ्या झाडाखाली रंजीता होती, धाकटं पोर पाठीला बांधलेलं. सोमारी तिच्या शेजारी जाऊन खाली बसली आणि फुलं वेचू लागली.

"पोराचा खोकला कसा आहे?" सोमारीनं विचारलं.

"बरा आहे."

"दिव्यानीनं नाई लिहिलं ते, रंजीता. मी तिची सासू म्हनून नाई सांगत."

रंजीतानं मूठभर फुलं टोपलीत टाकली. "मले माहीत आहे, मोठीमाय. पन आता माहीत असून काय करता?" ती उभी राहिली, पोराचं फडकं घट्ट केलं. "तुम्ही इथी नोका येत जाऊ. कोनी पाह्यलं तर घरी सांगा लागते, तुम्ही काऊन आल्या होत्या ते."

"काय सांगशीन?"

"काई सुचलं नाई म्हनूनच म्हनतो, नोका येऊ."

ती टोपली उचलून पलीकडच्या झाडाकडे गेली. सोमारी उठली नाही. खाली अजून पुष्कळ फुलं पडलेली होती. ती वेचत राहिली, आणि दोन वाजता मेट्ट्यावर सुरुंग उडाला तेव्हा झाडावरची उरलेली फुलं एकदम तिच्या डोक्यावर, पाठीवर, टोपलीत पडली. तिनं तीही वेचली.